पाळी जायचे दिवस आणि आमच्या डब्यातली खिडकी

चिंचबोरं | १० जानेवारी, रात्री १०:२०

मी डोंबिवलीची, वय ४८. बावीस वर्षं सीएसएमटीची सकाळची एकच फास्ट पकडते. लेडीज डब्यात आमचा नऊ जणींचा ग्रुप आहे. या ग्रुपने डब्यात दोन डोहाळजेवणं केलीत, दर दसऱ्याला दाराला तोरण बांधलंय, एकीच्या मुलीचं लग्न तर दिवा ते ठाणे या पट्ट्यातच जमवलंय. एकमेकींच्या सासवांच्या बीपीच्या गोळ्यांची नावं आम्हाला पाठ आहेत. पण पाळी जायला लागली की बाईचं काय होतं, यावर बावीस वर्षांत कुणी चकार शब्द काढला नव्हता.

वर्षभरापूर्वीची गोष्ट. डिसेंबर, सगळ्या स्वेटरात. कळवा गेलं आणि छातीतून काहीतरी पेटत वर चढलं. मान, कान, टाळू. गरम कुकरचं झाकण तोंडाजवळ उघडावं तसं. भुवयांवरून घाम टपटपायला लागला, छाती धडधडायला लागली. मला वाटलं, झालं, हार्ट अटॅक. खिडकीत आमच्यातली सगळ्यात अबोल बाई बसली होती, बँकेत आहे. ती उठली, माझा दंड धरून मला तिच्या जागी बसवलं आणि काच वर केली. "वाफा ना? मला तीन वर्षं होतायत," एवढंच म्हणाली.

तीन वर्षं! ती थंडीतही खिडकी सोडत नाही म्हणून आम्ही तिला 'खिडकीची राणी' चिडवायचो. मला तेव्हा इतकी लाज वाटली.

त्या दिवसापासून डब्यात नियम झाला: जिला वाफ येईल तिची खिडकी. मागायची नाही, नुसता हात वर करायचा. मग हळूहळू बाकीचं सुरू झालं. व्हॉट्सॲपवर 'खिडकी' नावाचा वेगळा ग्रुप, त्यात गुड मॉर्निंगला बंदी. अचानक अंगावरून जायला लागलं तर म्हणून एकीच्या पर्समध्ये जादा पॅड आणि गडद रंगाची ओढणी. डॉक्टरकडे जायचं असेल तर सोबत एक जण. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी दोन तास.

पूर्वी न्हाणं आलं की मुलीला मखरात बसवायचे. ते जातं तेव्हा साधी चमचाभर साखरही कुणी हातावर ठेवत नाही. असो.

विचारायचं हे की तुमच्याकडे असं काही चालतं का? कशाचा खरंच उपयोग होतो आणि कशाचा नाही? गटात नेमकं काय करावं?

---

निमूताई_सांगली | १० जानेवारी, रात्री १०:५८

धागा काढल्याबद्दल खूप आभार. एक सांगते, वही ठेवा. मी पावणेदोन वर्षं साध्या कालनिर्णयवर खुणा केल्या. पाळीला लाल टिंब, वाफांना फुली, रात्र जागून गेली की गोल. डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारल्यावर आधी माझ्या तोंडून "काय सांगू, सगळंच होतंय" एवढंच निघायचं. पुढच्या वेळी ते कालनिर्णयच पुढे ठेवलं. त्यांनी पाच मिनिटं पानं उलटली आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. टीएसएच खरंच वाढलेलं निघालं. मी सगळं पाळीच्या नावावर टाकून मोकळी झाले होते.

---

रोखठोक | ११ जानेवारी, सकाळी ८:०५

राग मानू नका, पण आपल्या आज्यांना कुठे होतं हे सगळं? शेतात राबायच्या, बारा माणसांचा स्वयंपाक करायच्या. रिकामा वेळ आणि इंटरनेट, दोन्ही मिळाले की आजार सापडतात.

---

नानी_सातारकर | ११ जानेवारी, सकाळी ९:३०

रोखठोक, मी ६७ वर्षांची आहे, म्हणजे तुमच्या आजीची नसले तरी आईची साक्ष काढू शकते. आमच्या सासूबाई पौषात, वाईच्या थंडीत, मध्यरात्री उठून माजघरातल्या शहाबादी फरशीवर झोपायच्या. पदर तांब्यातल्या पाण्यात बुडवून छातीवर ठेवायच्या. मी नवी सून, मला वाटायचं काही व्रत असेल. घरात सगळे म्हणायचे, "हिचं डोकं फिरलंय, चाळिशीनंतर बायका अशाच होतात." एकदा त्यांनी भरलेलं ताट भिंतीवर फेकलं होतं. त्या घरात ती गोष्ट अजून हसून सांगितली जाते.

तेव्हा, होतं सगळं. फरक इतकाच की तेव्हा त्याला नाव होतं 'स्वभाव'.

---

चिंचबोरं | ११ जानेवारी, सकाळी ९:४१

नानी 🙏 तो ओला पदर डोळ्यासमोरून हलत नाहीये.

---

गृहस्थ_चिंचवड | ११ जानेवारी, दुपारी १:१५

पुरुषाने इथे लिहिलेलं चालेल का? बायको ४६. रात्री पंखा पाचवर, मग दहा मिनिटांनी बंद, मग पुन्हा पाचवर. मी काही बोललो की रडते, नाही बोललो तर "तुला काही पडलेलीच नाही". मी काय करावं?

---

डोईफोडे_काकू | ११ जानेवारी, दुपारी १:३२

पंख्याचा रेग्युलेटर तिच्या हाताशी आणि तुम्हाला वेगळं पांघरूण. इथून सुरुवात करा. भारी काही करायला जाऊ नका.

---

डॉ_अबोली | ११ जानेवारी, रात्री ९:१०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. इथे कुणाला औषध सुचवणार नाही, पण काही गोष्टी नीट मांडते, म्हणजे पुढची चर्चा अंदाजपंचे होणार नाही.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणायचं. आपल्याकडे सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. पण खरा गोंधळ त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत असतो. इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन एका रेषेत खाली येत नाही, हिंदकळत येतं. म्हणून एका महिन्यात पूर, दुसऱ्या महिन्यात टिपूस नाही. पंचेचाळिशीनंतर हे ओळखायला बहुतेकींना एफएसएच या हॉर्मोनची महागडी तपासणी लागत नाही. ते आज एक आणि महिन्याने भलतंच येतं. निमूताईंचं कालनिर्णय जास्त कामाचं.

वाफांचं म्हणाल तर मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान राखतो. इस्ट्रोजेन डळमळलं की तो फार हळवा होतो. तापमान जरासं वर गेलं तरी त्याला वाटतं आग लागली, आणि तो घाम फोडतो, त्वचेकडे रक्त ढकलतो. मग अंग गार पडतं आणि हुडहुडी भरते. गृहस्थ, तुमच्या घरचा पंखा त्यामुळे चालू-बंद होतोय, तुमच्यावर राग म्हणून नाही. आणि "सहा महिन्यांत जाईल" असं कुणाला सांगू नका. अमेरिकेतल्या 'स्वान' नावाच्या दीर्घ अभ्यासात, ज्यांना वाफांचा वारंवार त्रास होता अशा निम्म्या बायकांना तो सात वर्षांहून जास्त काळ झाला होता.

आता हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल, कारण कुणीतरी विचारणारच. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाच्या बातमीने जगभर घबराट झाली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे बातमीत मागे पडलं. आज समज अशी आहे की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास खरोखर जास्त असेल आणि प्रकृतीत अडसर नसेल, तर फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो. अडसर म्हणजे स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असणं, रक्तात गुठळ्या, लिव्हरचा आजार, कारण न समजलेला रक्तस्राव. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, नाहीतर तिचं आतलं अस्तर वाढत राहतं. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणायची ही गोष्ट नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी फ्रिजवर चिकटवावी: पाळी पूर्ण जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंबही रक्त दिसलं तर दाखवायचं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते, आणि लवकर सापडला तर तो बहुधा बरा होतो.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही: पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यायची.

---

मोगरा_७६ | ११ जानेवारी, रात्री १०:०२

डॉक्टर, शतावरीचं काय? आणि सोयाबीन?

---

डॉ_अबोली | ११ जानेवारी, रात्री १०:२०

सोयाबीन आहारात ठेवा, प्रथिनं मिळतात. वाफा थोड्या कमी होतात असं काहींना वाटतं, पण फार आशा ठेवू नका. शतावरीचा पुरावा तोकडा आहे. घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका, इतर औषधं चालू असतात.

---

संतुलन_पावडर | ११ जानेवारी, रात्री ११:४५

*[जाहिरात असल्यामुळे प्रतिसाद काढून टाकला आहे. — संपादक]*

---

डोईफोडे_काकू | १२ जानेवारी, सकाळी ७:१२

वाटच बघत होते, हे कसे आले नाहीत अजून.

---

स्कॉटलंडस्थ | १२ जानेवारी, दुपारी ३:४०

चिंचबोरं, तुमच्या डब्यासारखंच इथे आहे. स्कॉटलंडमधल्या पर्थ गावी २०१७ साली रेचल वाईस या बाईंनी 'मेनोपॉज कॅफे' सुरू केला. चहा, केक आणि गप्पा. व्याख्यान नाही, विक्री नाही, तज्ज्ञाचं प्रवचन नाही. पुरुषांनाही मज्जाव नाही. आता तसे कॅफे ठिकठिकाणी भरतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलाशी बसून नुसता चहा प्यायले. इंग्रजीत "माझं अंग जळतं" कसं सांगायचं हेच सुचेना. तिसऱ्या खेपेला एक गुजराती बाई आली. मग आम्ही दोघी हिंदीत सुटलो ते सुटलोच.

डॉक्टरकडे हे बोलायला इथे कुणी लाजत नाही, पण घरी पुण्याला फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं गं, सुटलीस." तिच्या लेखी विषय संपला.

---

एकटीच | १२ जानेवारी, रात्री ११:३०

बरेच दिवस इथे फक्त वाचते, आज लिहितेय.

माझी पाळी ३८ व्या वर्षी गेली. लग्न नाही, मूल नाही. सहा महिने वाटलं ताण आहे, मग वाटलं थायरॉइड, मग सोनोग्राफीत कळलं की ओव्हरी, म्हणजे बीजांडकोश, दमल्यात. ती कागदाची घडी मी आठवडाभर डब्याच्या पिशवीत घेऊन फिरत होते.

त्यानंतर ऑफिसच्या मैत्रिणींच्या एका गटात गेले. सगळं बोलणं "यांना कसं समजवायचं" आणि "मुलं ऐकत नाहीत" याभोवती. एक जण प्रेमानेच म्हणाली, "तुला काय, तुझ्यामागे व्याप नाही, तू मस्त झोप काढ." मी परत गेले नाही. चिंचबोरं, तुमच्या खिडकीत माझ्यासारखीला जागा आहे का, की तिथेही आधी नवऱ्याचं विचारतात?

---

चिंचबोरं | १३ जानेवारी, सकाळी ६:५०

खरं सांगते. आम्हीही नवऱ्यांबद्दलच बोलतो. काल रात्री तुमची पोस्ट वाचून मी मागचे दोन महिने ग्रुपवर काय लिहिलं ते वर सरकवून पाहिलं. आमच्यात एक विधवा आणि एक अविवाहित आहे. त्या दोघी गप्पच असतात आणि आम्ही समजत होतो त्यांना त्रास कमी आहे. आज ट्रेनमध्ये बोलते.

---

डॉ_अबोली | १३ जानेवारी, सकाळी ८:१५

एकटीच, इथे एक नियम मोडते आणि स्पष्ट सांगते. चाळिशीच्या आत पाळी जाणं ही 'लवकर सुटका' नाही. हाडं आणि हृदय यांना इस्ट्रोजेन इतक्या लवकर तुटणं परवडत नाही. म्हणून अशा वेळी, अडसर नसेल तर, पाळी एरवी जिथे गेली असती त्या पन्नाशीच्या आसपासपर्यंत हॉर्मोन द्यायचे असतात. साठीच्या बाईला सुरू करायचे की नाही तो वेगळा प्रश्न. तुम्हाला कुणी "हॉर्मोन वाईट" म्हणून परत पाठवलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या.

---

गंगाखेडची_मास्तरीण | १३ जानेवारी, रात्री ९:५०

खिडकी, कॅफे, वही, सगळं चांगलं आहे. पण आमच्या बाजूचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी मराठवाड्यात शिकवते. दिवाळीनंतर माझ्या वर्गातली निम्मी पोरं गायब होतात, आईबापाबरोबर ऊसतोडीला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची. एक खाडा झाला की पाचशे रुपयांच्या आसपास दंड. फडात संडास नाही, पाणी नाही, पाल ठोकून राहायचं. अशात महिन्यातले चार दिवस अंगावरून जोरात जात असेल, कंबर मोडत असेल, तर बाई काय करते? पिशवी काढून टाकते. पस्तिशीच्या आत. "दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम, कॅन्सर होईल," असं सांगणारे भेटतात, आणि कर्ज काढून ऑपरेशन होतं.

२०१९ मध्ये हे वर्तमानपत्रांत गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. एकट्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचं प्रमाण १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरात तीन-साडेतीन आहे. म्हणजे बघा. नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली.

माझ्या एका विद्यार्थ्याची आई, वय ३६, ऑपरेशनला आठ वर्षं झाली. पालक सभेला आली तेव्हा गारव्यातही पदराने वारा घालत होती. म्हणाली, "बाई, पिशवी गेली तर ही आग कुठून येती?" ओव्हरीही काढल्यात का हे तिला माहीत नाही. कागद मुकादमाच्या घरी आहेत म्हणाली.

तिला कुठली खिडकी देणार?

---

डॉ_अबोली | १३ जानेवारी, रात्री १०:४०

बाई, यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तिचे कागद मिळवता आले तर बघा. 'दोन्ही बाजूच्या ओव्हरी काढल्या' असं लिहिलं आहे का एवढंच शोधायचं. काढल्या असतील तर तिची रजोनिवृत्ती २८ व्या वर्षी, एका रात्रीत झाली आहे, आणि 'एकटीच' यांना लिहिलं ते सगळं तिला दुपटीने लागू. ओव्हरी ठेवल्या असल्या तरी पिशवी काढल्यानंतर त्या बऱ्याचदा काही वर्षं लवकर थकतात. कागद नसतील तर सोनोग्राफीतून अंदाज येतो.

---

कोथरूडची_कमळी | १४ जानेवारी, दुपारी १२:२०

तिळगूळ घ्या सगळ्या.

मास्तरीणबाईंचं वाचून आमच्या सोसायटीतलं सांगते. आमच्या सहा घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी, वय ४५. वर्षभर दर महिन्याला दहा-दहा दिवस अंगावरून जायचं. जिना चढताना मधल्या मजल्यावर बसायच्या, आम्ही म्हणायचो, "मावशी, आज उशीर झाला." मी स्वतः म्हटलंय हे. एकदा पोळी लाटताना पोळपाटावरच डोकं टेकलं, तेव्हा डोळे उघडले. हिमोग्लोबिन ७. एका खासगी दवाखान्यात तिथल्या तिथे "पिशवी काढा, साठ हजार" सांगितलं. मावशींनी मुलीच्या नावची पावती मोडायची तयारी केली होती.

आमच्यातली एक जण त्यांना घेऊन सरकारी रुग्णालयात गेली. दोन दिवस रांगेत बसली, आपलं काम टाकून. तिथे तपासणीत लहान गाठ निघाली, पिशवीच्या आतून तुकडा घेऊन तपासला, तो चांगला आला. मग हॉर्मोनची तांबी बसवली. आपली नेहमीची तांबी नाही, हिच्यातून औषध झिरपतं आणि अस्तर पातळ राहतं. सोबत लोहाची इंजेक्शनं. चार महिन्यांत स्राव टिपकागदापुरता. पिशवी जागेवर, पावती जागेवर.

आम्ही काय केलं? पैसे तसे फार लागले नाहीत. सहा घरांनी ठरवलं की त्या दहा दिवसांत मावशी आल्या नाहीत तर पगार कापायचा नाही. हे ठरवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला, हेही लिहून ठेवते.

---

शिरोळकर | १४ जानेवारी, दुपारी २:०५

कमळी, मावशी हळदीकुंकवाला येतात का तुमच्या?

---

कोथरूडची_कमळी | १४ जानेवारी, दुपारी २:३०

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मावशी विधवा. चौदा वर्षं आमच्या हळदीकुंकवाची डाळ-पन्हं त्या करतात आणि आत थांबतात. यंदा कार्यक्रमाचं नावच 'तिळगूळ' ठेवलंय, सगळ्यांना आमंत्रण. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या नाहीत. बुरूडआळीतून बांबूचे हातपंखे आणलेत, चाळीस नग. चेष्टा होणार आहे, होऊ दे.

---

शिरोळकर | १४ जानेवारी, दुपारी २:४४

आमच्या तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता. म्हणून विचारलं. पंखे आवडले.

---

नानी_सातारकर | १५ जानेवारी, सकाळी १०:००

तिळाचा विषय निघालाच आहे म्हणून. अबोलीताई, हाडांसाठी गोळ्या घ्यायच्या की खाण्यातून भागतं? इथे सगळ्या वाफांवर बोलतायत. वाफा जातात हो, माझ्या गेल्या. हाडं राहतात. माझी थोरली जाऊ न्हाणीघरात नुसती टेकायला गेली आणि खुबा मोडला.

---

डॉ_अबोली | १५ जानेवारी, दुपारी ३:३०

नानी, पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सहा वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात आणि दुखत काहीच नाही, म्हणून लक्ष जात नाही. पाळी गेलेल्या बाईला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिग्रॅ. म्हणजे दोन भाकऱ्या आणि दोन पेले दूध झालं तर आठशेच्या घरात जाता, वर ताक, तीळ, पालेभाजी. उरलं तर गोळी. पण ड जीवनसत्त्व नसेल तर हे सगळं अंगी लागत नाही. आणि वजन उचलल्याशिवाय हाड धरत नाही. नुसतं फिरणं पुरत नाही. जिना चढा, भिंतीला हात टेकून दंड काढा, दोन लिटरची बाटली उचला. डेक्सामध्ये टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे अडीच किंवा त्याखाली आला तर औषध लागतं. तुम्ही केली आहे कधी?

---

नानी_सातारकर | १५ जानेवारी, दुपारी ४:१०

नाही. मला वाटायचं ते खेळाडूंचं असतं.

---

गृहस्थ_चिंचवड | २२ जानेवारी, रात्री ११:०५

अपडेट. वेगळी पांघरुणं, रेग्युलेटर तिच्या बाजूला (इलेक्ट्रिशियनला साडेतीनशे दिले). मी फक्त म्हटलं, "सासूबाईंनाही असंच व्हायचं का गं?" ती दीड तास बोलली. एवढं सलग ती आमच्या साखरपुड्यानंतर बोलली नव्हती. मी मधे बोललो नाही. फक्त एकदा बोललो, आणि ते चुकलंच.

---

चिंचबोरं | ४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

इतके दिवस लिहिलं नाही, कारण सांगते.

आमच्या बँकेतल्या अबोल बाईची, खिडकीच्या राणीची, पाळी जाऊन अडीच वर्षं झाली होती. मागच्या महिन्यात तिने ग्रुपवर हसत लिहिलं, "मी पुन्हा तरुण झाले, दोन डाग दिसले." पाच जणींनी हसणाऱ्या बाहुल्या टाकल्या. मी डॉक्टर अबोलींची ती फ्रिजवर चिकटवायची ओळ तशीच उचलून तिला पाठवली. ती म्हणाली, दाखवते नंतर, ऑडिट आहे.

दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये आमच्यातल्या अविवाहित मैत्रिणीने, जी कधी बोलत नाही असं मी वर लिहिलं होतं, तिने फोन काढून तिथल्या तिथे अपॉइंटमेंट घेतली आणि सांगितलं, "शुक्रवारी मी रजा टाकलीय. तू नाही आलीस तर माझी रजा फुकट." सोनोग्राफीत अस्तर ९ मिलिमीटर. पाळी गेल्यावर ते साधारण चारपर्यंत असावं म्हणे. मग बायोप्सी. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत ती कुणाशी काही बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. रोज डबा मात्र कुणी ना कुणी तिच्यासाठी आणत होतं, तिला पोळ्या लाटायला सुचत नव्हतं.

आज रिपोर्ट आला. अस्तराची वाढ आहे, पेशी चांगल्या आहेत, कर्करोग नाही. औषध सुरू, सहा महिन्यांनी पुन्हा बायोप्सी. डॉक्टर म्हणाल्या, असंच अंगावर काढलं असतं तर भलतंच होऊ शकलं असतं.

---

डॉ_अबोली | ४ फेब्रुवारी, रात्री १०:४८

उत्तम झालं. सहा महिन्यांची तारीख चुकवू देऊ नका. बरं वाटायला लागलं की बायका तिथेच चुकतात.

---

चिंचबोरं | ४ फेब्रुवारी, रात्री १०:५२

नऊ जणींच्या फोनमध्ये अलार्म लावलाय.

---

गंगाखेडची_मास्तरीण | ८ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

कागद मिळाले. पोराच्या चुलत्याने आणले मुकादमाच्या घरून. दोन्ही ओव्हरी काढल्यात. आमच्या आशाताईंबरोबर तिला जिल्हा रुग्णालयात पाठवायचं ठरतंय, पण टोळी अजून कारखान्यावर आहे, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्चअखेरीपर्यंत, परत येणार नाही. खाड्याचे पैसे मी भरते म्हटलं तर तिचा नवरा म्हणाला, "आज तुम्ही भराल बाई, उद्याचं काय?" मार्चची वाट बघतेय.

---

एकटीच | ८ फेब्रुवारी, दुपारी १२:०४

बाई, मार्चमध्ये गाडीभाडं आणि खाड्याचे पैसे माझ्याकडून. संदेश पाठवलाय, बघा. नाही म्हणू नका.

चिंचबोरं, मी ठाण्याला असते. तिसऱ्या शनिवारी येऊ का?

---

चिंचबोरं | ८ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

यायचंच. २१ तारीख, दुपारी चार, डोंबिवली पूर्व. पत्ता संदेशात पाठवते. नानी, तुम्ही लेकीकडे कल्याणला येणार म्हणाला होतात ना त्या आठवड्यात? पण तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही.

---

नानी_सातारकर | ८ फेब्रुवारी, दुपारी ४:४५

येते. डेक्सा केली परवा. उणे दोन आलंय. डॉक्टर म्हणाले, जिने चढा. तिळाची चटणी किती जणींची आणू?